मखमली सीट आणि न फाटलेला शर्ट

नेगोवान सलग नऊ दिवस एकच शर्ट घालून ऑफिसला गेला. शर्ट जुना, कॉलर विटलेली, आणि दुसऱ्या बटणाच्या जागी भलत्याच रंगाचं बटण. वाल्येवो गावच्या वजनमापे कार्यालयातला हा निरीक्षक एरवी इतका टापटीप की बाजारातल्या काट्याला शिक्का मारण्याआधी स्वतःची बाही सारखी करायचा. पण या शर्टाला कारण होतं. त्यांच्याकडे माणूस बाप झाला की मित्र, शेजारी, सहकारी, जो पहिला गाठेल तो त्याच्या अंगावरचा शर्ट टराटरा फाडतो. बापाने वरवर "अरे, अरे, काय करताय" म्हणायचं आणि आतून फुलून यायचं. शहाणा बाप त्यासाठी एक जुना शर्ट आधीच काढून ठेवतो. नेगोवानही तसा शहाणा होता.

नऊ दिवसांत त्या शर्टाचं बटणसुद्धा कोणी तोडलं नाही.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. पोर सात आठवडे आधी आली होती, सोळाशे दहा ग्रॅमची, आणि काचेच्या पेटीत नळ्या लावून झोपली होती. अशा वेळी बापाचं अभिनंदन करायचं की सांत्वन, हे ऑफिसात कोणालाच ठरवता येईना. साहेबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून ठेवला, अंत्ययात्रेत धरतात तसा. रोखपाल बाईंनी टेबलावर केकचा तुकडा ठेवला आणि चवड्यांवर निघून गेल्या. कोणीतरी आलुबुखाराच्या दारूची बाटली आणली, ती न उघडताच कपाटात गेली. चौतीसशे ग्रॅमच्या बापाचा शर्ट फाडायचा आणि सोळाशे ग्रॅमच्या बापाचा खांदा थोपटायचा, हे प्रमाण नेगोवानच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. दहाव्या दिवशी तो जुना शर्ट त्याने घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला.

पोर मात्र बापाच्या मानापमानात न पडता शांतपणे वाढत होती. रोज वीस ग्रॅम, पंचवीस ग्रॅम. नेगोवान रोज संध्याकाळी जायचा, काचेपलीकडे पाहायचा आणि मुख्य परिचारिका विदोसावा सिस्टरना विचारायचा, "काट्यावर शिक्का कधीचा आहे?" पहिले चार दिवस सिस्टरनी उत्तर दिलं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, काटा बरोबर आहे. तुमचीच सुई हलतेय." त्यानंतर त्याने विचारणं बंद केलं, सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की वाकून शिक्का वाचायचा.

एके दिवशी त्याच म्हणाल्या, "दोन किलोच्या वर गेली की सोडू. पुढच्या मंगळवारपर्यंत जाईल. घरी कसे नेणार?"

"गाडीने," नेगोवान म्हणाला.

"गाडीने ते कळलं. कार सीट आहे?"

नव्हती. काहीच नव्हतं. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी मोजासुद्धा घरात आणायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणायचं ते सगळं नंतर, घाईघाईने, नातेवाइकांनी. आणि हे मूल तर असं आलं की नातेवाईकही गप्प बसले होते.

"मग आणा आणि इथे वर घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वॉर्डातून अडीच किलोच्या आतलं मूल असंच जात नाही. आधी आपल्या सीटमध्ये तासभर बसतं, पायाला प्राणवायू मोजायची तार लावून. श्वास नीट राहिला तर घरी. नाही राहिला तर दुसरी सीट आणायची. एवढ्याशा पोराची मान म्हणजे ओल्या कणकेची. हनुवटी छातीवर पडली की श्वास कोंडतो, आणि ते रडतसुद्धा नाही. म्हणून बघून घ्यायचं."

बायको दुन्या आयांच्या खोलीत राहून दर तीन तासांनी दूध काढून देत होती. तिने हे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "नेगोवान, मला मंगळवारी तिला घेऊन घरी यायचंय. बाकी मला काही नको."

मोजमापाचं काम म्हटल्यावर नेगोवानला हुरूपच आला. हे आपल्या खात्यातलं काम होतं.

त्याचं पहिलं पाऊल चुकलं ते असं की त्याने ही गोष्ट जिन्यात बोलून दाखवली. तळमजल्यावरच्या ऑलिवेरा काकू इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा होत्या आणि इमारतीतल्या प्रत्येक विषयावर त्यांचं मत तयार असायचं. "सीट कशाला?" त्या म्हणाल्या. "माझा झोरान मी मांडीवर आणला. वाटेत बस दोनदा बंद पडली. आज बघ, एकशे दहा किलो आहे." नेगोवानने विनयाने सांगितलं की पोर दोन किलोची आहे. "होईल रे एकशे दहा," काकूंनी धीर दिला.

आई स्तोयांकाचा मुद्दा वेगळा होता. तिचा शत्रू एकच, प्रोमाया. म्हणजे एका खिडकीतून येऊन दुसऱ्या खिडकीतून जाणारा वाऱ्याचा झोत. जगातली सगळी दुखणी, दाढेपासून कंबरेपर्यंत, स्तोयांकाबाईंच्या मते या झोतानेच होतात, आणि त्या बाबतीत देशातले निम्मे डॉक्टरही त्यांच्या बाजूचे. "सीट कुठलीही आण," ती म्हणाली, "पण आत मेंढीचं कातडं घाल, वर दुलई, त्यावर लोकरीची शाल. मी विणतेच आहे."

"आई, एवढं घातल्यावर पोर कुठे घालायची?"

"मधे," आई म्हणाली.

आता सीट घ्यायची तर ती पोरीच्या मापाची आहे का हे बघायला पोर हवी, आणि पोर तर पेटीत. नेगोवानने यावर जो तोडगा काढला तो ऑफिसात पुढे बरेच दिवस चर्चेत होता. त्याने आईकडून कापडाची एक बाहुली शिवून घेतली, चव्वेचाळीस सेंटिमीटर लांब, आणि तिच्यात पांढरा घेवडा भरला. मग बाहुली ऑफिसात नेऊन सरकारी शिक्क्याच्या वजनांसमोर तोलली. चौदा दाणे जास्त झाले होते, ते काढले. दोन हजार पन्नास ग्रॅम, एक दाणा इकडे ना तिकडे. मान मुद्दाम सैल ठेवली होती, सिस्टर म्हणाल्या तशी.

या बाहुलीला बगलेत मारून तो बाजारात निघाला. पहिल्या दुकानातला विक्रेता तरुण, तोंडात सगळी उत्तरं तयार. "ही घ्या साहेब, शून्य ते तेरा किलो. जन्मल्यापासून चालते."

"शून्य किलोचं मूल तुम्ही पाहिलंय?" नेगोवानने विचारलं.

"म्हणजे तसं नाही साहेब, लिहायची पद्धत आहे."

"माझ्या खात्यात कोणी शून्यापासून लिहिलं तर मी दुकान बंद करतो," असं म्हणत नेगोवानने घेवड्याची बाहुली सीटमध्ये बसवली. खांद्याचे पट्टे जिथून निघायला हवेत तिथून न निघता बाहुलीच्या कानांच्याही वरून निघाले. पट्टे ओढले तरी बाहुली त्यातून खाली घसरली आणि मान पुढे पडली. विक्रेता म्हणाला, "खरं मूल असं पडत नाही हो." नेगोवानने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

दुसऱ्या दुकानात असंच झालं. तिसऱ्यात सीट बरी वाटली, पण आत एक जाड उशी होती आणि ती सीटबरोबर आलेली की दुकानदाराने खपावी म्हणून घातलेली, हे खुद्द दुकानदारालाही सांगता येईना. दमून घरी येताना नेगोवान बाहुलीला एका पायाला धरून जिना चढत होता. ऑलिवेरा काकूंनी दार उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. घेवडा बाहेर काढून दाखवेपर्यंत त्यांची खात्री पटली नाही. पटल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई तुला सांभाळते तरी कशी रे?"

त्याच संध्याकाळी रादोश आला.

रादोश हा त्यांचा कूम. कूम म्हणजे लग्नात नवऱ्याच्या शेजारी उभा राहिलेला आणि पुढे मुलांची नावं ठेवणारा माणूस. त्याला नाही म्हणायची सोय नसते. धंद्याने तो गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचा, आणि गावात त्याच्या हाताला तोड नव्हती. त्याने खांद्यावरून एक मोठं गाठोडं उतरवलं, चादर बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

कार सीट होती. गर्द हिरव्या मखमलीने मढवलेली, चौकटी-चौकटींची शिलाई, प्रत्येक चौकटीच्या मधोमध पितळी बटण. आत कापूस असा भरला होता की जागा बरोबर एका छोट्या पोरापुरती उरली होती.

"आमच्या तीन पोरांची," रादोश म्हणाला. "मग ताईची दोन, मग मेहुण्यांची. अकरा पोरं बसली यात, कूमा, अकरा! पण तुझी लहान आहे ना, म्हणून आतून सगळी भरून आणली. पाच संध्याकाळी बसलो. हात लाव."

नेगोवानने हात लावला. हात आत गेला. स्तोयांकाबाईंनी हात लावला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "यात प्रोमाया शिरायची नाही," त्या म्हणाल्या.

"नाव काय ठेवायचं ते मी ठरवलंय," रादोश दारातून म्हणाला. "पण पोर घरी येईल तेव्हा सांगेन. आधी नाही."

नेगोवानला नाव लगेच हवं होतं. ऑफिसने पितृत्व-रजेचा अर्ज दोनदा परत पाठवला होता, कारण 'अपत्याचे नाव' हा रकाना कोरा होता. पण मखमलीसमोर तो रकान्याबद्दल बोलू शकला नाही.

शनिवारी सीट वॉर्डात गेली. दोन आया बघायला उठल्या, सफाईवाल्या बाईंनी बटणं मोजली. विदोसावा सिस्टरनी मात्र एक बोट मखमलीवर ठेवून दाबलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हे सीटबरोबर आलंय?"

"नाही. कूमाने शिवलंय."

"सुंदर आहे," सिस्टर म्हणाल्या. "बनावटीचं वर्ष कुठे लिहिलंय? शिक्का?"

शिक्का! नेगोवानच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर जो माणूस मटणाच्या दुकानात शिक्का शोधत फिरला, त्याने स्वतःच्या पोरीच्या सीटचा शिक्का शोधला नव्हता. उलटीपालटी करून पाहिली. खालीसुद्धा मखमलच होती.

सिस्टरनी तरीही पोरीला बसवलं, कारण बाप डोळ्यांनी बघितल्याशिवाय ऐकणाऱ्यांतला नाही हे त्यांनी ओळखलं होतं. पायाला तार लावली. पोर मखमलीत रुतली, फक्त नाक आणि टोपी दिसत होती. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पाठीमागचा कापूस हळूहळू दबला, डोकं पुढे आलं, हनुवटी छातीला टेकली. यंत्रावरचा आकडा पंच्याण्णववरून खाली उतरायला लागला. एक्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. पोर रडली नाही, हलली नाही, काहीच केलं नाही. यंत्र वाजायच्या आत सिस्टरनी तिला उचलून सरळ धरलं होतं, आणि आकडा जसा उतरला तसा चढला.

"बघितलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "रागवायचं काही नाही. पट्टा अंगाला बसला पाहिजे. मधे कापूस असला की पट्टा कापसाला बसतो, पोर मोकळीच राहते. सीटबरोबर जे आलंय तेवढंच ठेवायचं. पट्टे खांद्याच्या खालून निघणारी बघा, पाठ बरीच कललेली बघा, आणि कितीपासून चालते ते लिहिलेलं वाचा. वाचायचं काम तुम्हाला जमतं."

आता खरं घोडं अडलं ते सीटपाशी नाही, रादोशपाशी. त्याला सांगायचं कसं? सरळ माणसाने सरळ जाऊन सांगितलं असतं. नेगोवान घरी आला, सीट तळघरात नेली आणि कोणाला दिसू नये म्हणून आंबवलेल्या कोबीच्या पिंपांमागे ठेवली. नोव्हेंबर होता. इमारतीतल्या प्रत्येक घराचं पिंप तिथे भरलेलं होतं. रादोशचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "मस्त बसली, कूमा. डॉक्टरच अजून सोडत नाहीयेत." खोटं बोलायची सवय नसल्यामुळे हे तो दोनदा बोलला.

पुढे जे झालं त्याला स्तोयांकाबाई जबाबदार आहेत, पण त्यांना तसं कोणी म्हणू शकलं नाही. झालं असं, की आजारपणातून उठल्यासारखा दिसणारा आपला मुलगा बघून त्यांनी परस्पर रादोशला रविवारी जेवायला बोलावलं. रादोशच्या आईचं वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात, म्हणून तो उपास पाळत होता, मांस-अंडं-दूध वर्ज्य. मग करायचं काय? कांद्यात भाजलेला घेवडा. रविवारी दुकानं बंद, घरात घेवडा नाही. आणि समोर खुर्चीवर दोन किलो पन्नास ग्रॅम घेवडा टोपी घालून बसलेला.

ताट समोर आल्यावर नेगोवानने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर नुसतं कापड होतं, नीट घडी केलेलं.

"आई," तो म्हणाला, "तू हे कशाचं केलंस?"

"बाहुलीचं," आई म्हणाली. "तुझं माप झालंय ना? सीट तर मिळाली."

"वा!" रादोश दुसरा चमचा घेत म्हणाला. "काकू, घेवडा असा विरघळतो म्हणजे काय!" नेगोवानने ताट हळूच बाजूला सारलं. परवा सैल मान धरून जिला दुकानादुकानांतून फिरवली तिच्यावर आज कोथिंबीर होती.

एवढ्यात दार वाजलं आणि ऑलिवेरा काकू आत आल्या. चेहऱ्यावर शुभवार्ता. "बरं झालं रादोश तू इथेच भेटलास! अरे, तुझी ती हिरवी खुर्ची खाली कोबीमागे कोणी टाकलीय? सहाव्या नंबरचं पिंप गळतंय, सगळं पाणी तिच्यात गेलंय. मी ओळखली ना बटणांवरून. म्हटलं चोराने लपवली असणार."

रादोशने चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"मस्त बसली म्हणालास," तो म्हणाला.

"कूमा, ऐक..."

"दोनदा म्हणालास."

तो उठला, तळघरात गेला, आंबलेल्या पाण्याचे थेंब गाळत सीट खांद्यावर घेऊन वर आला, आणि दारातूनच म्हणाला, "नावही तूच ठेव. तुझ्या पुस्तकात बघून." मग जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. ऑलिवेरा काकू म्हणाल्या, "मी काही चुकीचं बोलले का?" आणि थोडा घेवडा घेऊन गेल्या.

सोमवारी दुपारी नेगोवान वॉर्डात गेला तेव्हा दुन्याने त्याला आयांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. तीन आठवड्यांत ती नीट झोपली नव्हती. त्याने सगळं सांगितलं, घेवड्यासकट. ती हसली नाही.

"तुमच्यापैकी कोण जास्त रागावलंय ते मला ऐकायचं नाही," ती म्हणाली. "परवा तिचा आकडा खाली जाताना मी दारातून पाहत होते. मला भीती वाटते, नेगोवान. घरी न्यायचं म्हटलं की मला भीती वाटते. तू त्याच्याकडे जा आणि खरं सांग. आणि उद्या सकाळी अशी सीट आण की जिच्यात ती श्वास घेईल. मखमलीची आण नाहीतर पत्र्याची आण."

रादोशच्या दुकानाचं दार उघडं होतं. आत शिलाईयंत्र बंद, आणि तो जमिनीवर बसलेला. समोर हिरव्या मखमलीचे तुकडे, पितळी बटणांचा ढीग, कापसाचे ओले गोळे. कोबीचा वास भरून राहिला होता. नेगोवानने वाटेत जे वाक्य तयार केलं होतं ते त्याने दारातच म्हणायला सुरुवात केली. "कूमा, मी खोटं बोललो, मला लाज..."

"इकडे ये," रादोश म्हणाला. "धुवायला म्हणून उसवली. हे बघ."

सगळं उतरवल्यावर आत जुनं, पिवळट प्लास्टिक होतं. तळाशी बनावटीचं वर्ष कोरलेलं होतं. तेव्हा दुन्या शाळेत होती. आणि पाठीच्या बाजूला, जिथे पट्टा आत शिरतो तिथून खाली, वीतभर लांब पांढरी चीर गेली होती. रादोशने अंगठ्याने दाबलं तर ती उघडून पुन्हा मिटली.

"कधी गेली असेल?" नेगोवानने विचारलं.

"माहीत नाही. मधल्या पोराच्या वेळी मागून एका ट्रकने ठोकलं होतं, काही झालं नाही म्हणून सोडून दिलं. तेव्हाच असेल. त्यानंतर किती बसली यात? सात? आठ?" त्याने अंगठा काढून घेतला. "आणि मी काय केलं? वर मखमल लावली. बटणं लावली. तुझी पोर मी यात घालायला निघालो होतो, कूमा."

नेगोवान त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याने शेजारची बटणं गोळा करून डब्यात टाकायला सुरुवात केली. शेवटी म्हणाला, "मीही शिक्का बघितला नाही. आणि माझा तर धंदाच तो आहे."

रादोशने नाक पुसलं, उठला, गळ्यात मोजपट्टी टाकली आणि दिवा मालवला. "चल. दुकानं सातपर्यंत आहेत. बाहुली कुठाय?"

"तू खाल्लीस."

रादोश थबकला. मग त्याला हसू फुटलं आणि दोघेही त्या कोबीच्या वासात भिंतीला टेकून हसले. जाताना घरी थांबून स्तोयांकाबाईंकडून रिकाम्या कापडात मक्याचे दाणे भरून घेतले. या वेळी नेगोवानने शिजवण्यावर बंदी घातली.

ज्या माणसाने वीस वर्षं सीट शिवल्या तो दुकानात शिरला की काय होतं हे त्या तरुण विक्रेत्याने त्या संध्याकाळी पाहिलं. रादोश सीटकडे बघतच नव्हता, हातांनी वाचत होता. कव्हराखाली बोटं घालून पट्ट्याच्या खाचा मोजल्या, फोम दाबून पाहिला, पाठीचा उतार मोजला. नेगोवान शेजारी उभा राहून प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचत होता. "पंचेचाळीस सेंटिमीटरपासून. बाद." "इथे लिहिलेलंच नाही." "बाद." विक्रेता नुसता सीट आणून देत होता, आणि "शून्यापासून" हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

शेवटी मागच्या फळीवरून एक सीट निघाली. रंग राखेचा, कापड खरखरीत, दिसायला भिकार. पण चाळीस सेंटिमीटरपासून, असं स्पष्ट छापलेलं. आत लहान बाळासाठी कंपनीनेच दिलेला पातळ तुकडा, आणि पट्ट्याची सगळ्यात खालची खाच बाहुलीच्या खांद्याच्या खाली. मका बसवला, पट्टा ओढला. रादोशने खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरायचा प्रयत्न केला, ती धरता येईना, इतका तो अंगाला बसला. मान सरळ राहिली.

"हीच," रादोश म्हणाला. मग त्या कापडावरून हात फिरवून त्याने असा सुस्कारा सोडला की विक्रेताही गंभीर झाला. "काय कापड आहे हे. कूमा, निदान याला कडेने..."

"नाही."

"एक बारीक गोट..."

"रादोश."

"बरं," रादोश म्हणाला. "हात लावणार नाही."

मंगळवारी सकाळी पोर राखेरी सीटमध्ये बसली. पायाला तार, समोर यंत्र. दुन्या एका बाजूला, नेगोवान दुसऱ्या बाजूला, आणि काचेपलीकडे रादोश टोपी हातात धरून. सिस्टरनी दोन छोटे कपडे गुंडाळून डोक्याच्या दोन बाजूंना ठेवले, मागे काही नाही. दहा मिनिटं. वीस. पंच्याण्णव, शहाण्णव. नेगोवानने आयुष्यात हजारो काटे स्थिर व्हायची वाट पाहिली होती, पण एवढा लांब तास त्याने कधी काढला नव्हता. पोरीने एकदा जांभई दिली तेव्हा चौघांचाही श्वास अडकला. तास संपला तेव्हा आकडा सत्त्याण्णव होता. दुन्याने तोंडावर हात दाबला आणि रडायला लागली. नेगोवानचा जीव भांड्यात पडला.

"नाव?" सिस्टरनी कागद पुढे ओढून विचारलं.

नेगोवानने काचेकडे पाहिलं. रादोशने दार थोडं उघडून डोकं आत घातलं. "कालिना," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

बाहेर आवारात चांगलंच गार होतं. स्तोयांकाबाई लोकरीची जाड शाल घेऊन गाडीशी वाट बघत उभ्या होत्या. पोरीभोवती ती गुंडाळून मग पट्टे लावायचे, असा त्यांचा बेत होता. "आजी," सोडायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आधी पट्टा, अंगालगत. मग वरून पातळ पांघरूण. ही शाल पट्ट्याखाली नाही." स्तोयांकाबाईंनी शाल छातीशी धरली आणि आभाळाकडे बघत म्हणाल्या, "प्रोमायाने काही झालं तर मला सांगायला येऊ नका." पण त्यांनी ऐकलं.

नेगोवानने आज लग्नातला पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, वर उघडा कोट. सीट गाडीच्या मागच्या बाकावर, पोरीचं तोंड मागे करून, त्याने आणि रादोशने मिळून बसवली. रादोशने सीट हलवून पाहिली, ती हलली नाही. पट्ट्याची चिमूट धरून पाहिली, धरता आली नाही. वाकून पोरीची हनुवटी पाहिली. मग सरळ उभा राहिला आणि नेगोवानकडे बघायला लागला.

"काय?" नेगोवान म्हणाला. "काही राहिलं?"

"हो," रादोश म्हणाला. "तीन आठवडे राहिलंय."

आणि त्याने दोन्ही हातांनी शर्टाची कॉलर धरून तो गळ्यापासून कंबरेपर्यंत असा फाडला की आवाज पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांपर्यंत गेला. कापड कुठून फाटतं हे त्याला चांगलं माहीत होतं. कोट गेला जमिनीवर, एक बाही दुन्याने ओढली, दुसरी चक्क विदोसावा सिस्टरनी. वरच्या खिडकीतून आयांनी टाळ्या वाजवल्या. नेगोवान "अरे, अरे, लग्नातला आहे, काय करताय" म्हणत राहिला, आणि त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. दोन हजार साठ ग्रॅमची पोर यातलं काहीही न ऐकता झोपली होती.

"मेल्या, गारठून जाशील!" स्तोयांकाबाई ओरडल्या, आणि पोरीसाठी विणलेली ती जाड शाल त्यांनी मुलाच्या उघड्या अंगाभोवती दोन वेढे देऊन घट्ट गुंडाळली.

रादोशने गाडी चालू केली, पुढे त्याच्या शेजारी स्तोयांकाबाई बसल्या, सगळ्या काचा बंद करून. मागे सीटच्या एका बाजूला दुन्या आणि दुसऱ्या बाजूला नेगोवान, शालीतून फाटका शर्ट लोंबत असलेला. घरापर्यंत पंधरा मिनिटांचा रस्ता होता. सगळा रस्ताभर तो पोरीच्या हनुवटीकडे बघत राहिला, आणि ती खाली आली नाही.